वाघिणीची पाठवणी

सिंधुबाईच्या आवाजाबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या आवाजानंच घडवलं आणि त्यानंच निस्तरलं. दारणेच्या काठी, जिथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या हाताच्या अंतरावर दिसतात, तिथं तिचा मळा. झेंडू, शेवंती, थोडी मेथी-कोथिंबीर आणि मागच्या अंगाला ऊस. पहाटे नाशिकच्या फूलबाजारात तिची टोपली उतरली की बाकीचे विक्रेते म्हणत, "आली बाई, आता आपलं गिऱ्हाईक आपल्याला दिसंल, ऐकू यायचं नाय." नवरा खंडेराव एकलहऱ्यातच कामाला. टर्बाइनशेजारी अर्धं आयुष्य काढल्यामुळे त्याला बायकोचा आवाज बेताचाच वाटायचा, आणि त्यांचा संसार सुखाचा होण्यामागे हेही एक कारण होतं. पाळीवरून आला की तो ओट्यावर बसून निमूटपणे हार ओवायचा.

सिंधुबाईचे हार लांबूनही ओळखू यायचे. दोन पिवळे झेंडू, एक तांबडा, मध्ये अशोकाचं पान, आणि ओवायला दोऱ्याऐवजी केळीचं सोपट. एकुलती एक लेक शुभांगी. तिचं लग्न नव्याण्णव साली कळवणला झालं, तेव्हा अख्खा मांडव त्याच हारांनी मढला होता. जावई योगेशचं कळवणला बसस्टँडसमोर बी-बियाण्यांचं दुकान. माणूस गुणी, फक्त पोटात गोष्ट राहत नाही. विहीण नवसाबाई मात्र पोटात सगळं ठेवणारी आणि वेळ आली की मोजून बाहेर काढणारी.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात सिंधुबाईच्या गोठ्यातलं वासरू वाघानं नेलं. वाघ म्हणजे बिबट्या. नाशिककडे पट्टेवाला वाघ नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मळ्यात बिबट्याला वाघच म्हणतात. वनखात्याचे गुंजाळसाहेब दर वेळी दुरुस्ती करायचे, "वाघ नाही हो, बिबट्या म्हणा." त्यावर सिंधुबाई म्हणाली, "साहेब, वासराला काय फरक पडला?"

वासरू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. रिकामं दावं हातात घेऊन ती वनखात्याच्या कचेरीत गेली आणि दारातच मांडी घालून बसली. मागणी एकच, पिंजरा लावा. साहेब म्हणाले पाहू. ती म्हणाली, पाहा, मी बसलेय. दुपारपर्यंत आतल्या माणसांना आपापसात बोलणं अशक्य झालं. संध्याकाळी पिंजरा मळ्यात होता.

वाघीण सापडली. आजूबाजूचे सगळे मळे लोटले. पिंजऱ्यात ती कोपऱ्याला दबून फिस्कारत होती, आणि सिंधुबाईला एकदम काय वाटलं कोण जाणे, तिनं घरातून नारळ, तांदूळ नि खण आणला. बाईमाणूस दारातून चाललंय, रिकामी कशी पाठवायची? पिंजऱ्याच्या गजाला तिनं आपला हार बांधला, लांबूनच ओटी ठेवली आणि त्या आवाजात म्हणाली, "जा बाई, सुखानं नांद!" लोक हसून हसून बेजार झाले. गाडी निघाली. वासराचं दुःख आणि आपला विजय, दोन्हींचे कढ सिंधुबाईला एकदमच आले, आणि ती रडत रडत हसली.

वाघीण कुठं नेणार, हे तिनं विचारलंच नाही. कुणीच विचारत नसे. पीडा टळली की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगेश दुकान उघडत होता, तर समोरच्या चहाच्या टपरीवर वनखात्याची गाडी उभी. मागे रिकामा पिंजरा, आणि पिंजऱ्याला हार. दोन पिवळे, एक तांबडा, अशोकाचं पान, केळीचं सोपट. योगेश कुलूप तसंच ठेवून टपरीवर गेला. ड्रायव्हर रंगात आला होता. "अहो, एकलहऱ्याकडच्या एका बाईनं वाघिणीची ओटी भरली! वर डोंगरात सोडून आलो बघा तिला आत्ताच." योगेशनं हे घरी जाऊन आईला सांगितलं, अगदी अभिनय करून. नवसाबाईही पोट धरून हसली. आठवडा उलटायच्या आत तिची दुभती शेळी वाघानं नेली, आणि हसू थांबलं.

तीच वाघीण होती की दुसरी, हे कुणी पाहिलं? शेळीनं पाहिलं असेल. पण नवसाबाईला शंका नव्हती. तिनं फोन लावला. एरवी ती विहिणीशी ठेवणीतली मराठी बोलायची, पण राग आला की बागलाणच्या माहेरची अहिराणी वर यायची. "तुमनी वाघीण आमना डोंगरमा शे!" ती गरजली. "एक लेक दिली ती दिली, वर दुसरी कशाला धाडली?"

सिंधुबाईनं फोन ठेवला आणि ती थेट गोठ्यात गेली.

तिनं गोठ्यातली सगळ्यात चांगली शेळी निवडली आणि एसटीनं कळवण गाठलं. शेळीचं तिकीट घ्यायचं की नाही यावरून कंडक्टरशी तिचा वाद दिंडोरीपर्यंत चालला, वणीला कंडक्टरनं हात जोडले, आणि पुढं शेळी खिडकीशी उभी राहून फुकट गेली. नवसाबाईनं पाणी दिलं, चहा दिला, शेळी बांधून घेतली.

"शेळी घेतली," ती म्हणाली. "वाघीण कोण घेणार?"

"चुकलं माझं, विहीणबाई. मला काय ठाऊक ते इकडं सोडतात."

"आमच्या आजीच्या वेळी गावात पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचे. गावची सगळी पीडा गाड्यात बसवायची नि ओढत नेऊन शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडायची. ते गाव पुढच्या गावाच्या शिवेवर सोडायचं. पटकी काय गेली नाय, फिरत राहिली. पण ते लोक निदान लाजून गुपचूप ढकलायचे हो. तुम्ही हार घालून पाठवलात!"

शुभांगी दाराआड तोंडाला पदर लावून उभी होती. हसतेय की रडतेय, आईला कळेना.

मग नवसाबाईनं निकाल दिला. सूनबाई माहेरी जाईल, सकाळच्या गाडीनं जाईल नि संध्याकाळच्या गाडीनं परत येईल. मुक्काम नाही. "तुमच्या तोंडाला अख्खं वनखातं भितं म्हणता ना? मग हा गाडा थांबवा. ज्या दिवशी थांबंल, त्या दिवशी मी सून मुक्कामाला धाडीन. पहिलं बाळंतपणसुद्धा तोवर इथंच."

बाळंतपणाची अजून बातमीही नव्हती, पण ते शब्द सिंधुबाईच्या काळजात रुतले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे का कुणी कुणाला शिकवावं लागतं? परतीच्या गाडीत तिनं न भांडता तिकीट काढलं. कंडक्टर तोच होता, त्यानं काळजीनं विचारलं, "मावशी, बरं नाय का?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कचेरीच्या दारात हजर झाली. गुंजाळसाहेबांनी तिला पाहून खुर्ची मागे सरकवली.

"माझी वाघीण परत आणा."

साहेबांचा चहा टेबलावर सांडला. हसून झाल्यावर त्यांनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "सिंधुबाई, खरं सांगा. तिला नेल्यावर तुमच्या मळ्यात दुसरा आला नाही?"

सिंधुबाईनं मान खाली घातली. विहिरीपाशी परवाच ठसे उमटले होते. लाजेनं तिनं ते खराट्यानं झाडून टाकले होते.

"येणारच," साहेब म्हणाले. "जागा रिकामी झाली की नवा येतो, तो परका असतो, त्याला आपल्या वाटा ठाऊक नसतात. आणि नेलेला तिकडं बावचळतो. कधी परत येतो, कधी नको ते करून बसतो."

"सगळं ठाऊक हाय, तर मग नेता कशाला?"

"तुम्ही मागता म्हणून!" साहेबांचाही आवाज चढला. "वरून हुकूम येतो, कारण खाली तुमची ओरड असते. मी वर लिहिलं तर ती फाईल होते, बाई. तुम्ही ओरडलात तर ती बातमी होते. मागताना ओरडलात, तशा एकदा नको म्हणूनही ओरडा की."

आता बघा, सरकारी माणसानं स्वतःच्या खात्याविरुद्ध ओरडायला सांगावं, हे काही रोज होत नाही. सिंधुबाईनं ते प्रसादासारखं घेतलं. पदर खोचला आणि ती मळ्यामळ्यातून फिरायला लागली. वाघ उचलून दुसऱ्याच्या दारात टाकू नका. शेळ्यांच्या गोठ्याला चारी अंगांनी जाळी लावा, आणि वरूनही लावा, वाघाला दार लागत नाही. जनावर गेलं तर भरपाईला हेलपाटे नकोत. वाघ दिसला की जत्रा भरवू नका. लोक तिला वाघीणबाई म्हणायला लागले. शेजारच्या मळ्यातला गोटीराम, ज्याचा आवाज पंचक्रोशीत दुसऱ्या नंबरचा होता, तो म्हणाला, "वा गं! पिंजरा आणलास तू, नि आता नको म्हणणारी पण तूच?"

"मीच सोयरीक जमवली," सिंधुबाई म्हणाली, "मग चुकली हे मी नाय तर कोण सांगणार?"

साहेबांनी काय जुळवाजुळव केली देव जाणे, पण दोन वर्षांनी नाशिकला वनखात्याची मोठी बैठक होती, नागपूरहून वरिष्ठ आलेले, आणि गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला म्हणून सिंधुबाईला बोलावणं आलं. ती बाजारातून थेट गेली, रिकामी टोपली घेऊनच. माईक दिला तर तिनं तो बाजूला सारला. त्याची गरज नव्हतीच.

"साहेब, मरीआईचा गाडा ठाऊक हाय का?" तिनं विचारलं आणि सगळं सांगितलं. वासरू, हार, ओटी, विहिणीची शेळी. श्रेय मात्र चोरलं नाही. "हे माझं नाय, माझ्या विहीणबाईंचं बोलणं हाय. त्या म्हणतात, गाडा तोच हाय, फक्त आता सरकारी झालाय. पूर्वी माणसं ओढायची, आता डिझेलवर चालतो." सभागृह हसलं. नागपूरचे एक साहेब मात्र हसले नाहीत.

"बाई, बोलायला ठीक आहे. पण उद्या तुमच्याच शेतात निघाला तर?"

"माझ्या शेतात निघाला तरी पिंजरा मागणार नाय!" सिंधुबाई म्हणाली. "शब्द हाय माझा."

शेवटी साहेब म्हणाले, "विचार करू." सरकार विचार करू म्हणतं तेव्हा आपण घरी जाऊन जेवावं. सिंधुबाई तशी घरी गेली. पण गुंजाळसाहेबांनी आपल्या हद्दीत पिंजऱ्याची मागणी आली की आधी गोठ्याला जाळी लावायला लावायची रीत सुरू केली, आणि वरून त्यांना कुणी अडवलं नाही. एवढा विचार झाला म्हणायचा.

पुढच्या वर्षी शुभांगीला दिवस गेले. डोहाळजेवणाला सिंधुबाईनं फुलांची वाडी नेली, डोक्यापासून पायापर्यंत पोरीला शेवंतीनं मढवलं, आणि निघताना विहिणीकडे पाहिलं. नवसाबाईनं विचारलं, "गाडा थांबला?"

"थांबत आलाय, विहीणबाई."

"थांबला की सांगा."

आणि त्याच हिवाळ्यात, ऊसतोड सुरू असताना, सिंधुबाईच्या उसातून तोडणीवाले ओरडत बाहेर आले. सरीत तीन पिल्लं होती. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. घटकेत सगळे मळे लोटले, अगदी त्या वेळी लोटले होते तसेच, आणि गोटीरामनं हाक दिली, "पिंजरा लावा!"

तीच आरोळी, तिचीच, तिच्याच बांधावर. सिंधुबाई बांधावर बसली. खरं सांगायचं तर त्या घडीला तिलाही पिंजरा हवा होता. लेकीचे नऊ महिने भरत आलेले, तिला इथं आणायचं, अंगणात बाळाची बाळुती वाळत घालायची, आणि पलीकडच्या उसात वाघीण? पिंजरा लावला तर वाघीण पुन्हा कुठल्यातरी डोंगरात, कुणातरी नवसाबाईच्या दारात. नाही लावला, तर कोण शहाणी विहीण पोटुशी सून इथं धाडंल? शब्द पाळला तरी लेक जाते, मोडला तरी जाते. तिला रडू आलं, आणि रडूही तिच्या पट्टीत असल्यामुळे जमलेले लोक जरा मागे सरकले.

खंडेराव तिच्याजवळ येऊन बसला. "मी काय सांगत नाय," तो म्हणाला. "तुझं तू ठरव. फक्त एक. पिंजरा आला, तर ह्या खेपेला हार मी ओवणार नाय."

सिंधुबाईला रडता रडता हसू फुटलं. ती उठली, डोळे पुसले आणि असा आवाज लावला की एकलहऱ्याचा भोंगा झाला समजून दोघांनी घड्याळं पाहिली. "पिंजरा नाय! ऊस माझा, बांध माझा, पिल्लं तिची. सगळे घरी चला. गोटीराम, तुझ्या शेळ्या आधी आत घाल, मग मला शिकव."

गुंजाळसाहेब आले. टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटमध्ये उसाचं पाचट घालून पिल्लं जिथं सापडली तिथंच ठेवली. तेवढा तुकडा तोडायचा राहू दिला. दिवेलागणीला सगळी दारं बंद झाली. साहेब, सिंधुबाई आणि खंडेराव लांब माळ्यावरून पाहत होते. वाघीण आली, क्रेटभोवती फिरली, एकेकाला मानेला धरून उसाच्या आतल्या टोकाला घेऊन गेली. तिसऱ्या खेपेनंतर परत येऊन तिनं रिकामा क्रेट पुन्हा हुंगून पाहिला. सगळी आली ना, हे आईनं पाहावं तसं. सिंधुबाईनं तोंडावर पदर दाबून धरला होता. तिच्या आयुष्यातली तेवढी एकच संध्याकाळ तिनं आवाजाविना काढली.

सकाळी तिनं कळवणला फोन लावला. लपवायचं तिच्या स्वभावातच नव्हतं. "विहीणबाई, वाघीण माझ्या उसात हाय. पिल्लं हायेत. पिंजरा लावला नाय, लावणार पण नाय. तुमच्या डोंगरात आता माझ्याकडून कुणी येणार नाय. पोरीला धाडायचं का नाय, ते तुम्ही ठरवा. मी काय म्हणणार नाय."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. 

झालं, आता लेक येत नाही असं सिंधुबाईनं धरून टाकलं. बाळंतविड्याची तयारी केली होती, डिंक, खारीक, हळीव, ते सगळं डब्यात भरून तिनं फडताळात ठेवून दिलं. बाजारात गेली तर गिऱ्हाइकाला दोनदा भाव विचारावा लागला. गोटीरामची बायको सगुणाबाई भाकरी घेऊन आली, म्हणाली, "नको वाईट वाटून घेऊ गं, बरोबर केलंस तू." त्यानं तर तिला आणखीच वाईट वाटलं. बरोबर केल्यावरही जे हातचं जातं, त्याचं माणसानं करायचं काय?

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दुपारी मळ्याच्या वाटेवर जीप येऊन थांबली. योगेश उतरला. मग जपून जपून शुभांगी उतरली. मग नवसाबाई उतरली, हातात वळकटी. आणि मागून, दोरीला ओढ देत, शेळी. तीच, एसटीनं फुकट गेलेली.

सिंधुबाई ओट्यावर हार ओवत होती, ती तशीच उभी राहिली. मांडीवरची फुलं खाली सांडली.

"विहीणबाई... शेळी परत आणली?"

"बाळंतिणीला दूध लागंल," नवसाबाई म्हणाली. "गोठ्याला वरून जाळी हाय ना?"

"हाय."

"मग बांधा. नि माझं अंथरूण सुनेच्या शेजारी घाला. गाडा थांबला की सून धाडीन म्हटलं होतं, एकटी धाडीन म्हटलं नव्हतं."

शुभांगी आईच्या गळ्यात पडली. मध्ये पोट येत होतं, तरी पडली. योगेश डोळे पुसत ड्रायव्हरला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागला.

चहा झाल्यावर नवसाबाई म्हणाली, "चला, दाखवा मला." दोघी विहिणी उसाच्या बांधापर्यंत गेल्या, पुढे नाही. हवेनं पाचट वाजत होतं, बाकी काही दिसत नव्हतं. नवसाबाईनं ओच्यातून नारळ काढला, मूठभर तांदूळ काढले, खण काढला. सगळं तिनं घरूनच बांधून आणलं होतं. बांधावर ओटी ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"एका मळ्यात दोन बाळंतिणी," ती पुटपुटली. "लोक काय म्हणतील!"

मग तिनं सिंधुबाईच्या हातात अजून तसाच राहिलेला अर्धवट हार पाहिला, तो काढून घेतला, बांधावरच्या बाभळीच्या फांदीला अडकवला, आणि उसाकडे तोंड करून, सिंधुबाईइतक्या नाही पण बऱ्यापैकी मोठ्या आवाजात म्हणाली,

"नांद बाई. इथंच नांद, सुखानं."